अनसूयाबाई काळे : मिळालेली खुर्ची, सोडलेली खुर्ची

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी सरळ हात वर केले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास, आणि मधल्या सुट्टीत मराठीत बोललं की दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात, ही सुरुवातीलाच विनंती!

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. यावर्षी मला एल.आर. केलं. ‘केलं’ हा शब्द मुद्दाम वापरते आहे, कारण मी उभी राहिले नव्हते की कोणी मला मत दिलं नव्हतं. नोटीस बोर्डावर एक कागद लागला आणि त्यावर माझं नाव होतं. मैत्रिणींनी मेसमध्ये पार्टी मागितली. मग कळलं की एल.आर.चं काम म्हणजे पाहुण्यांना बुके देणं, महिला दिनाला रांगोळीच्या टीम पाडणं आणि ग्रुप फोटोत पहिल्या रांगेत बसणं. मुलींची खरी अडचण होती रीडिंग रूमची. मुलांसाठी ती रात्री अकरापर्यंत उघडी आणि आमच्या होस्टेलचं गेट आठला बंद! सबमिशनच्या दिवसांत ड्रॉइंग शीट खाटेवर पसरून काम करणाऱ्यांना यातली मजा वेगळी सांगायला नको. मी अर्ज दिला. महिना गेला. दुसरा अर्ज दिला. तो पहिल्या अर्जावर ठेवला गेला. मग मी ठरवलं, राजीनामा द्यायचा. अगदी कागद लिहून तयार!

त्या शनिवारी आजोळी गेले. माझं आजोळ देऊळगाव राजा. नवीन जालन्याच्या स्टँडवरून बस पकडली की तासाभराच्या आत पोहोचतो. आजोबांना (आम्ही त्यांना आबा म्हणतो) सगळी हकीकत सांगितली आणि राजीनामाही वाचून दाखवला. आबा शिक्षक होते. त्यांनी आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या आणि मग विचारलं की, अनसूयाबाई काळे हे नाव ऐकलंय का? मी नाही म्हटलं. इंदिरा गांधी, सरोजिनी नायडू, विजयालक्ष्मी पंडित यांच्यावर मी शाळेत निबंध लिहिलेत, तेही इंग्रजीत. अनसूयाबाई काळे कुठेच नव्हत्या. आबांनी कपाटातली दोन जुनी पुस्तकं काढून दिली. उरलेलं मी आपल्या आणि गावातल्या लायब्ररीत शोधलं. त्यातून जे कळलं ते इथे मांडते.

अनसूयाबाईंचा जन्म १८९६ सालचा. माहेरचं आडनाव भाटे. त्या काळात मुलीला चार बुकं शिकवली तरी शेजारीपाजारी कुजबुज व्हायची, पण या मुलीला पुण्याच्या हुजूरपागेत घातलं आणि पुढे ती बडोद्याच्या कॉलेजपर्यंत गेली. पुरुषोत्तम काळे यांच्याशी लग्न होऊन त्या नागपूरला आल्या. मुलाबाळांचा संसार सुरू झाला. पण घर सांभाळतानाच त्यांनी नागपूरच्या बायकांना एकत्र आणायचं काम हाती घेतलं. बायकांनी घराबाहेर पडून एका सतरंजीवर बसावं, वाचावं, बोलावं, एवढी गोष्टसुद्धा तेव्हा मोठी होती.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणायला हवा, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. नागपूर होतं मध्य प्रांतात. त्याला जोडलेला होता वऱ्हाड, म्हणजे अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा. माझं आजोळ त्या वऱ्हाडात. आणि आपलं जालना होतं निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे आज मी ज्या बसने तासाभरात जाते, त्या रस्त्यावर तेव्हा एक सरहद्द होती. तिच्या एका बाजूला इंग्रजांनी थोडेफार का होईना, निवडणुकीचे हक्क दिले होते. दुसऱ्या बाजूला आपलं सरकार मत देऊन निवडायची सोयच नव्हती.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने बायकांना मत द्यायचं की नाही हा प्रश्न त्या त्या प्रांतावर सोडून दिला होता. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये तो हक्क दिला, बाकीचे मागून आले. १९२७ साली मद्रासच्या कौन्सिलात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी गेल्या, त्या ब्रिटिश भारतातल्या पहिल्या महिला आमदार. आणि १९२८ मध्ये मध्य प्रांताच्या कौन्सिलवर अनसूयाबाईंची नेमणूक झाली.

नेमणूक! म्हणजे त्याही ‘केलेल्या’ होत्या. माझ्यासारख्याच. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं गप्प बसले. मला वाटलं होतं की मोठी माणसं सुरुवातीपासूनच लढून निवडून येतात. सरकारने दिलेली खुर्ची, आजूबाजूला सगळे पुरुष, त्यांत जमीनदार, वकील, सरकारी अधिकारी. वय फक्त बत्तीस. अशा सभागृहात नेमलेल्या बाईकडून कुणाची काय अपेक्षा असणार? शोभेची असावी, एवढीच.

पण १९३० साल उजाडलं. गांधीजींनी दांडीला जाऊन मीठ उचललं आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. मध्य प्रांताला समुद्र नाही, मग मीठ कुठून आणणार? तिथल्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. जंगलातलं गवत आणि लाकूड, ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या गावाचा हक्क होता, ते तोडणं सरकारने गुन्हा ठरवलं होतं. लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यात पुसदला गवत कापून हा सत्याग्रह केला. गावंच्या गावं विळे घेऊन निघाली. अशा वेळी सरकारने दिलेल्या खुर्चीत बसून राहणं अनसूयाबाईंना पटलं नाही. त्यांनी कौन्सिलचा राजीनामा दिला, चळवळीत उतरल्या आणि तुरुंगातही गेल्या.

इथपर्यंत वाचून मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, त्यांनीही राजीनामाच दिला! पण आबांनी लगेच पुढचं पान काढलं. राजीनाम्यानंतर त्यांनी काय केलं ते बघ, असं त्यांचं म्हणणं.

राजीनामा देऊन त्या घरी बसल्या नाहीत. काँग्रेसचं काम, बायकांच्या संस्थांचं काम, गावोगाव फिरणं, हे चालूच राहिलं. त्यानंतर आला १९३५ चा कायदा. त्याने मतदार वाढले, तरी सर्वांना मत नव्हतंच. मालमत्ता किंवा शिक्षण असेल त्यालाच मत. बाईला तर नवऱ्याच्या मालमत्तेवरूनही मत मिळायचं, म्हणजे नवऱ्याचं शेत हीच तिची पात्रता! आमच्या पणजोबांना जमिनीमुळे मत होतं, पणजीला नव्हतं, असं आबा सांगतात. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या नव्या विधानसभेत एकूण ११२ जागा होत्या आणि बायकांसाठी राखीव किती? तीन. १९३७ मध्ये अनसूयाबाई निवडून आल्या. नेमणुकीने मिळालेली खुर्ची सोडली होती, आता लोकांच्या मतांनी त्या परत आल्या. आणि नुसत्या आल्या नाहीत, तर सभागृहाने त्यांना उपाध्यक्ष निवडलं. अध्यक्ष होते घनश्यामसिंह गुप्त.

उपाध्यक्ष म्हणजे काय, हे मला आधी नीट माहीत नव्हतं. अध्यक्ष नसतील तेव्हा सभागृह चालवायचं. कुणाला बोलू द्यायचं, कुणाला खाली बसवायचं, कोणता प्रश्न नियमात बसतो, हे ठरवायचं. आणि त्या खुर्चीत असताना आपल्या पक्षाची बाजू घ्यायची नाही. विचार करा, ज्या बायकांना घरात मोठ्या माणसांसमोर बोलायची चोरी होती, त्यांच्यातलीच एक बाई शंभरावर पुरुषांना आता तुम्ही बोला, आता तुम्ही थांबा असं सांगते आहे. त्यात सदस्य कोणी हिंदी भाषिक, कोणी मराठी भाषिक, आणि कारभार इंग्रजीत. आमच्या गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये तीन ब्रँचचे लोक आले तरी आवाज बसतो, म्हणून मला याचं विशेष वाटलं.

ते सभागृह काही शांतही नव्हतं. १९३८ मध्ये मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे आणि काँग्रेसचे श्रेष्ठी यांच्यात जोरदार वाद होऊन खऱ्यांना जावं लागलं. त्यांच्या जागी पं. रविशंकर शुक्ल आले. मराठी विरुद्ध हिंदी असाही रंग त्या भांडणाला होता. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. भारताला न विचारताच इंग्रजांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, म्हणून काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. राज्य गव्हर्नरच्या हातात गेलं आणि सभागृह भरायचंच बंद झालं. खुर्चीचा उपयोग संपला.

आणि अनसूयाबाईंच्या आयुष्यातलं, मला तरी सगळ्यांत मोठं वाटलेलं काम इथून पुढे सुरू होतं. खुर्ची नसताना.

१६ ऑगस्ट १९४२. नागपंचमी होती. चले जाव चळवळीच्या बातम्यांनी वातावरण तापलं होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी विदर्भातली खेडी आधीच जागी झाली होती. त्या एकाच दिवशी दोन गावं पेटली. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं चिमूर. मोर्चे निघाले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं पडली. चिडलेल्या जमावाने हल्ला केला आणि त्यात अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. मग सरकारने चिमूरला फौज पाठवली. पुरुषांना पकडून नेलं आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. याची बातमी बाहेर येऊ नये म्हणून सरकारने खूप खटपट केली. नागपूरच्या महिला कार्यकर्त्या चिमूरला गेल्या, त्यांनी बायकांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ते बाहेर आणलं. प्रा. भन्साळी यांनी चौकशीसाठी उपोषण धरलं, ते त्रेसष्ट दिवस चाललं आणि जानेवारी १९४३ मध्ये सुटलं.

पुढे खटले उभे राहिले. साधी कोर्टं नाहीत, युद्धकाळासाठी काढलेल्या वटहुकमाची खास कोर्टं. एका गर्दीतले शेकडो लोक, घटना काही मिनिटांची, आणि कुणाच्या हातून काय झालं हे घाबरलेल्या साक्षीदारांवर ठरवायचं. कितीतरी जणांना जन्मठेप झाली आणि अनेकांना फाशी. ही सगळी खेड्यातली साधी माणसं. कोणी शेतकरी, कोणी विणकर. त्यांच्या घरच्यांना अपील म्हणजे काय हे माहीत नव्हतं, मग वकिलाचे पैसे कुठून आणणार?

या माणसांना फाशीवरून वाचवायचं काम अनसूयाबाईंनी अंगावर घेतलं. त्यासाठी समिती उभी केली, पैसा गोळा केला, वकील मिळवले. एक दार बंद झालं की दुसरं ठोठावायचं. अपील फेटाळलं की दयेचा अर्ज, तो फेटाळला की त्याच्या वरच्याकडे. गव्हर्नर, मग व्हाइसरॉय. यातली गोम अशी की फाशीच्या केसमध्ये वेळ म्हणजेच आयुष्य. एक अर्ज पडून राहिला तर तेवढे दिवस माणूस जिवंत. आणि फाशीची तारीख एकदा नक्की झाली की मग काहीच हातात राहत नाही. १९४४ च्या मे महिन्यात गांधीजी कैदेतून सुटले. त्यांनीही या कैद्यांसाठी आपलं वजन खर्च केलं. बाहेर लोकमत तयार होत होतं. हे एक-दोन महिने नाही, तीन वर्षं चाललं.

इथे मला एक प्रश्न पडला आणि तो मी आबांना विचारला. मारले गेलेले अधिकारी आणि पोलीससुद्धा आपलीच माणसं होती ना? त्यांच्याही घरी बायकामुलं असतील. मग मारणाऱ्यांना वाचवणं बरोबर कसं? आबा बराच वेळ बोलले नाहीत. मला स्वतःला जे उत्तर सुचलं ते असं. अनसूयाबाई गांधींच्या पक्षातल्या. माणूस मारणं बरोबर, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. पण गावावर दहशत बसवण्यासाठी, घाईच्या कोर्टात, कोणी मारलं हे धड ठरलेलं नसताना माणसाला लटकवणं हा न्याय नाही. आणि फाशी दिल्यावर चूक झाली असं कळलं तर ती दुरुस्त करायला रबर नाही. हे उत्तर पूर्ण आहे की नाही हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. आमच्या रूमवर यावरून रात्री दोनपर्यंत वाद झाला आणि दोघींचं अजून पटलेलं नाही.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी आष्टी-चिमूरच्या कैद्यांची फाशी रद्द करून जन्मठेप केली. दोर गळ्यापर्यंत आलेली माणसं जगली. यात एकट्या अनसूयाबाईंचं श्रेय आहे असं नाही, खूप लोक झटले होते. पण या कामात पुढे कोण होतं असं विचारलं की विदर्भात त्यांचंच नाव घेतात.

पुढचं थोडक्यात सांगते. स्वातंत्र्यानंतर त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपूरमधून लोकसभेवर निवडून गेल्या. ही निवडणूक माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची, कारण यावेळी मालमत्ता, शिक्षण, नवऱ्याचं शेत असली कोणतीही अट नव्हती. २१ वर्षं पूर्ण झाली की मत. माझ्या पणजीने मत दिलं. आणि १९४८ मध्ये निजामाच्या राज्यातून मुक्त झालेल्या आपल्या जालन्यातल्या बायकांनीही तेव्हाच पहिल्यांदा मत दिलं. त्याच लोकसभेने १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आणि १९५६ मध्ये वारसा कायदा केला, ज्यामुळे घटस्फोट आणि वडिलांच्या मालमत्तेतला वाटा या गोष्टी बाईच्या हक्काच्या झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी रचना झाली. नागपूर, बुलढाणा आणि जालना एकाच मुंबई राज्यात आले आणि ती सरहद्द कायमची पुसली गेली. १९५७ मध्ये अनसूयाबाई नागपूरमधून पुन्हा निवडून आल्या. पण दुसऱ्याच वर्षी, १९५८ मध्ये, खासदार असतानाच त्यांचं निधन झालं.

एक हिशेब मांडून बघितला, इंजिनिअरिंगची सवय म्हणून. १९३७ मध्ये त्यांच्या प्रांतात बायकांना ११२ पैकी ३ जागा राखीव होत्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेवर २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या. टक्केवारी काढा. तेव्हा पावणेतीन, आता सव्वासात. इतक्या वर्षांत एवढीच वाढ! २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखायचा कायदा केला. गावच्या पंचायतीत तर आपल्याकडे अर्ध्या जागा बायकांच्या. पण सरपंच बाई आणि कारभार तिच्या नवऱ्याचा, हे आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे बघितलंय. म्हणजे खुर्ची मिळाली की काम झालं असं नाही. अनसूयाबाईंना पहिली खुर्ची आयतीच मिळाली होती. तिचं काय करायचं, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवलं.

आता माझ्या राजीनाम्याचं. तो मी फाडला. कारण मला कळलं की त्यांच्या राजीनाम्यात आणि माझ्यात फरक आहे. त्यांनी खुर्ची सोडली ती मोठं काम करायला मोकळं व्हावं म्हणून. मी सोडणार होते ती रागावून. त्याला राजीनामा नाही, रुसवा म्हणतात. आणि दुसरी गोष्ट, मी दोन अर्ज देऊन थकले. त्या तीन वर्षं अर्ज करत होत्या, तेही माणसांच्या जिवासाठी. माझं काम तर गेटच्या वेळेचं!

मग मी तिसरा अर्ज लिहिला. यावेळी एकटीच्या नावाने नाही. रोज मेसनंतर एकेका रूमवर गेले. काहींनी लगेच सही केली, काहींनी घरी कळेल म्हणून नाही केली, एकीने मला काय गरज म्हणून दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन सही दिली. एकूण ८३ सह्या झाल्या. सोबत कोणत्या ब्रँचच्या मुलींना कोणत्या दिवशी किती वेळ लागेल याचा तक्ताही जोडला. रेक्टर मॅडमनी तो पूर्ण वाचला, दोन प्रश्न विचारले, आणि परीक्षेच्या महिन्यात साडेनऊपर्यंत सोडायचा विचार करू असं म्हणाल्या. अकरा मागितले होते. साडेनऊचाही अजून फक्त विचार आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा काय झालेलं असेल, सांगता येत नाही.

नाही झालं तर चौथा अर्ज तयार आहे. शुद्धलेखन आबांनी तपासून दिलंय.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी